दगडातला द

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे ‘नापासबाई’ म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून ती खूशही होती. यंत्रांना हुकूम देणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड तिथे बनत, आणि बाहेर पडण्याआधी प्रत्येक बोर्ड मावशीच्या टेबलावरून जाई. एकतीस वर्षं ती त्या टेबलाशी बसली. बोर्डाला वीज द्यायची, ठरलेली कळ दाबायची, मीटरच्या काट्याकडे बघायचं, आणि जरा शंका आली की लाल चिठ्ठी. साहेब यायचे, गयावया करायचे. "बाई, चालतोय की हा!"

"चालतोय," मावशी म्हणायची, "पण बरोबर चालत नाही."

घरीही तोच खाक्या. काका, म्हणजे तिचा नवरा, शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन. गळ्यात कायम मापाची टेप, ओठांत दोन टाचण्या. मावशी कामावरून आली की हातपाय धुवायच्या आधी त्यांनी दिवसभरात केलेली काजं उजेडात धरून बघायची. "अहो, हे तिसरं काज बघा. हसतंय ते."

"हसू दे. सदरा घालणाराही हसराच आहे," काका टाचण्यांमधून म्हणायचे. मग निमूटपणे काज उसवायला घ्यायचे.

अशी बाई निवृत्त झाल्यावर घरात काय होणार ते दिसतच होतं. पहिल्या पंधरा दिवसांत तिने घरातली तीन घड्याळं उघडून जोडली, माझ्या आईचा मिक्सर दुरुस्त केला आणि शेजाऱ्यांची दारावरची बेल, ती बिघडलेली नसताना, सुधारून दिली. काकांच्या शिलाई मशीनकडे तिची नजर वळली तेव्हा मात्र काका घाबरले.

तेव्हा काका अंधशाळेच्या छापखान्यासाठी पुस्तकांची कापडी वेष्टनं शिवून देत असत. शाळेच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या म्हणजे तो छापखाना. तिथे ब्रेलची पुस्तकं छापली जात, म्हणजे जाड कागदावर ठिपके उठवले जात, आणि मुलं ती बोटांनी वाचत. एका दुपारी काका तिथून आले ते थेट स्वयंपाकघरात.

"अगं, त्यांचा संगणक जळला. धूर निघाला म्हणे. छपाई ठप्प आहे. तू एकदा जाऊन बघशील का?" आणि हळूच पुढे म्हणाले, "रोज गेलीस तरी चालेल."

मावशी गेली. त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मीही तिच्याबरोबर गेले. मी हाडामांसाची दुरुस्ती करते, म्हणजे एका दवाखान्यात लोकांकडून व्यायाम करून घेते. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही.

आतल्या खोलीत छपाईचं मशीन होतं. काळं, रुंद, लोखंडी. चालताना ते असं धापा टाकायचं की तिथल्या सगळ्यांनी त्याचं नाव ‘म्हैस’ ठेवलं होतं. म्हैस धडधाकट होती. जळला होता तो तिला हुकूम देणारा संगणक. मावशीने त्याचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि तो एकाच जागी धरून ठेवला. आतल्या बोर्डाच्या कोपऱ्यात एक छोटा निळा शिक्का होता. तिच्या टेबलाचा.

"मी पास केला होता हा," ती म्हणाली. "चोवीस वर्षं चालला." तिने त्या जळक्या बोर्डावरून एकदा अंगठा फिरवला आणि झाकण परत लावलं.

तो संगणक आता कुठेच बनत नव्हता. नवं मशीन यायला दोनतीन वर्षं लागतील असं वरून कळवलं होतं. छापखान्याच्या व्यवस्थापक बाई रडकुंडीला आल्या होत्या. मावशीने आठवडाभर शोधाशोध केली आणि एक तोड काढली. इंटरनेटवर कोणीतरी एक प्रोग्राम लिहून फुकट ठेवला होता. नव्या संगणकात तो चालवला की तो हुबेहूब त्या जुन्या संगणकाचं सोंग घेई. असल्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात, पण मावशी त्याला ‘सोंग’च म्हणायची. लिहिणाऱ्याला लहानपणीचे खेळ पुन्हा खेळायचे होते, म्हणून त्याने हा उद्योग केला होता. मावशीने जुन्या फ्लॉपी चकत्यांवरचा छपाईचा प्रोग्राम त्या सोंगात घातला, म्हशीची केबल जोडली आणि कळ दाबली. म्हशीने एक धाप टाकली, दुसरी टाकली आणि चालू लागली.

व्यवस्थापक बाईंनी मावशीचे दोन्ही हात धरले. मावशी म्हणाली, "थांबा. आधी तपासू द्या."

तपासणारा माणूस शेजारच्या खोलीत बसायचा. सगळे त्यांना तपासनीस म्हणत. पन्नाशीचे, जन्मापासून दृष्टी नसलेले, इस्त्रीच्या सदऱ्यातले गृहस्थ. छापलेलं प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून गेल्याशिवाय शिवणीला जात नसे. उजवा हात ओळ वाचत पुढे जायचा आणि तो टोकाला पोचायच्या आत डाव्याने पुढच्या ओळीची सुरुवात धरलेली असायची. मी आयुष्यभर लोकांचे हात बघत आले आहे, पण इतके शांत हात मी पाहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी ते एक पान घेऊन आले. "बाई, चाळिसावं पान. म्हातारी रस्त्यातून जाते, वाटेत दगड लागतो, ती तो उचलून बाजूला ठेवते. बरोबर?"

"बरोबर."

"इथे म्हातारीने गड उचललाय."

व्यवस्थापक बाईंना हसू आवरेना. मावशी हसली नाही. तिने तेच पान पुन्हा छापलं. आता ‘दगड’ नीट आला. आणखी दोनदा छापलं, दोन्ही वेळा दगड.

"तुमचं बोट घसरलं असेल," मावशी म्हणाली.



"बाई, बोट घसरलं तर सगळ्यात आधी मला कळतं," तपासनीस म्हणाले.

"यंत्र तेच काम परत परत तसंच करतं. चुकतो तो माणूस. एकतीस वर्षं मी हेच करत आले आहे."

तपासनिसांनी ते पान तिच्या हातात ठेवलं. "मग वाचा तुम्हीच," एवढंच म्हणून ते चहा प्यायला निघून गेले.

मावशीला ब्रेल येत नव्हतं. ती ते पान घेऊन उभी राहिली. शेवटी व्यवस्थापक बाईंनी भिंतीवरचा तक्ता बघत एकेक ठिपका मोजला आणि मान हलवली. द नव्हता.

त्या संध्याकाळी मावशी घरी आली ती थेट जेवायला बसली. काकांची काजंही बघितली नाहीत. काकांनी मला फोन करून विचारलं, "तुमच्यात भांडण झालं का?"

पण चूक दिसली तरी ती कबूल करायची मावशीला सवय नव्हती. केबल खराब आहे, असं तिने जाहीर केलं. केबल बदलली. मग दुसरी आणली, मग तिसरी. तिसरीला जाड आवरण घातलं. दोन आठवडे यातच गेले आणि अक्षरं गळतच राहिली. हजारोंमध्ये एखादंच, पण गळायचं. ‘आईने सकाळी हाक मारली’च्या जागी ‘आईने काळी हाक मारली’. कधी बदकाचा बक व्हायचा. गंमत म्हणजे तेच पान पुन्हा छापलं तर बरोबर यायचं आणि चूक दुसरीकडेच निघायची. तपासनीस ते पान बाजूला ठेवत, पुन्हा छापायला सांगत. मावशीशी बोलत मात्र नसत.

शेवटी एका सकाळी ती त्यांच्या खोलीत गेली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. मी तिला सोडायला आले होते आणि दारातच उभी होते.

"मी चुकले," मावशी म्हणाली. मी माझ्या जन्मात तिच्या तोंडून हे दोन शब्द ऐकले नव्हते. "त्या दिवशी तुमच्या बोटाला दोष दिला तो."

"कोणत्या दिवशी?" तपासनीस म्हणाले. "माझ्याकडे नोंद करायची तर पान नि ओळ लागते."

मावशी हसली. मग तेही हसले, आणि खण उघडून त्यांनी जाड कागदांची एक चवड टेबलावर ठेवली. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक चूक त्यांनी ब्रेलमध्ये टिपून ठेवली होती. सत्तावीस चुका.

"तुम्ही विचारलंच नाहीत," ते म्हणाले. "सगळ्या चुका पानाच्या पहिल्या ओळीत आहेत. मधल्या ओळीत एकही नाही. म्हैस नवा कागद ओढत असते ना, तेव्हा काहीतरी होतं. केबलला पानाची पहिली ओळ कशी कळणार?"

मावशीने कपाळावर हात मारला. तिथून ती जवळजवळ धावतच आतल्या खोलीत गेली.

दोन दिवसांनी तिने मला आणि काकांना सगळं समजावून सांगितलं. काका माप घ्यायला माझ्याभोवती फिरत होते, आणि मावशी त्यांच्या कापायच्या टेबलावर, कापडाच्या ढिगात बसली होती.

"संगणक एका वेळी एकच काम करतो. पण त्याला हाका मारणारे पुष्कळ. टाइप करणाऱ्या बाईंनी साठवून ठेवलेलं पुस्तक त्यांच्या संगणकावरून एकेक अक्षर करून येतं, अक्षर आलं की हाक येते. कागदाच्या मोटरची हाक येते. घड्याळाची हाक येते. या सगळ्या हाका आधी एका चिपकडे जातात आणि ती संगणकाला सांगते. आता म्हैस कागद ओढत असते ते काम नाजूक. म्हणून प्रोग्राम त्या चिपला सांगून ठेवतो, एवढा वेळ अक्षराची हाक माझ्यापर्यंत आणू नकोस. याला म्हणतात हाक झाकणं, मास्क करणं."

"मग ती हाक वाया जाते?" मी विचारलं.

"तेच तर! खरी चिप ती हाक लक्षात ठेवते. झाकण निघालं की सांगते, बाबा, मघाशी हाक आली होती. आणि हे आपलं सोंग काय करतं? झाकलेली हाक आली की सरळ फेकून देतं. मग ते अक्षर उचलायला कोणी जातच नाही, आणि पुढचं अक्षर येऊन त्याच्या जागी बसतं."

काकांनी टाचण्या ओठांतून काढल्या. "म्हणजे मी गिऱ्हाइकाचं माप घेताना दार वाजलं, तर तू मला हाक मारायची नाहीस. पण कोण आलं होतं ते नंतर सांगायचंस."

"हो. आणि या प्रोग्रामने आलेल्या पाहुण्याला दारातूनच पिटाळलंय. सोंग घ्यायचं तर पुरतं घ्यावं माणसाने!"

दोष सापडला, आता दुरुस्ती काय, चुटकीसरशी होईल असं मला वाटलं. मावशीलाही तसंच वाटलं आणि तिथेच तिची फजिती झाली. तिने प्रोग्राममधली ती हाक फेकून देणारी ओळच खोडली. झालं, आता हाका फेकल्या जाईनात, पण अडवल्याही जाईनात. म्हैस कागद ओढत असतानाच अक्षराची हाक आत घुसली, ओढण्यात खंड पडला, कागद अर्ध्यावर अडकला आणि वरून ठिपके उठवणाऱ्या सुया कोसळल्या. आम्हाला काही दिसायच्या आत शेजारच्या खोलीतून तपासनिसांचा आवाज आला, "बंद करा! फाडतेय ती!" मावशीने कळ दाबली तोवर सात कागदांच्या चिंध्या झाल्या होत्या.

"पाहुण्याला न पिटाळणं म्हणजे त्याला थेट मापाच्या खोलीत घुसवणं नव्हे," काका त्या रात्री जेवताना म्हणाले. मावशीने त्यांना वाढलेली भाजी परत काढून घेतली.

दुसऱ्या खेपेला तिने शहाणपणा केला. हाक आली की आधी टिपून ठेवायची, आणि मग बघायचं, झाकलेली आहे का. झाकलेली असेल तर थांबायचं. कागद फाटणं थांबलं. अख्खं पुस्तक, दोनशे बारा पानं, तपासनिसांच्या बोटांखालून गेलं. सगळे त्यांच्याभोवती उभे.

"चार," ते म्हणाले.

"सत्तावीसवरून चारवर!" व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "पुष्कळ झालं की हो. हाताने दुरुस्त करू. शाळा सुरू व्हायला महिना राहिलाय."

मावशी थकली होती. महिनाभर तिने धड दुपारची झोप घेतली नव्हती, डोळे लाल झाले होते. ती म्हणाली, "चार म्हणजे... चालतील तशा."

मी चमकून तिच्याकडे बघितलं. तिनेही ते ऐकलं असावं, कारण बोलून झाल्यावर ती खाली बघू लागली.

तपासनीस रागावले नाहीत. त्यांनी चारही पानं एकावर एक नीट लावली. "चालतील," ते म्हणाले. "फक्त या चार चुका कोणाच्या पुस्तकात टाकायच्या ते तुम्ही सांगा. मी लहान असताना माझ्या पुस्तकात एक शब्द चुकीचा होता. मला वाटलं, तो शब्द तसाच असतो. वीस वर्षं मी तो तसाच म्हणत होतो. कोणी तरी हसलं तेव्हा कळलं."

कोणता शब्द ते मावशीने विचारलं नाही. तिने पर्स उचलली आणि ती घरी आली.

घरी तिने माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढायला लावली. काका स्टुलावर, मी खाली. पेटीत तिच्या कामाच्या वह्या होत्या. त्या जातीच्या बोर्डाच्या तपासणीच्या एकोणीस पायऱ्या तिने स्वतःच्या अक्षरात लिहिल्या होत्या, नव्या मुलींना शिकवण्यासाठी. चौदाव्या पायरीवर तिचं बोट थांबलं. तिने ती मोठ्याने वाचली.

"हाक झाका. हाक द्या. काटा हलता कामा नये. आता झाकण काढा. काटा त्या क्षणी हलला पाहिजे. पुढच्या हाकेची वाट बघत बसला तर नापास."

तिने वही मांडीवर ठेवली. "मीच लिहिलंय गं," ती म्हणाली. "हजारो वेळा केलंय. हाताने केलं, आणि डोक्यातून गेलं."

तिच्या दुरुस्तीत हाक टिपली जात होती, पण झाकण काढल्यावर टिपलेलं बघायला कोणी फिरकत नव्हतं. पुढची कुठली तरी हाक आली की तिच्याबरोबर जुनीही उरकली जाई. बहुतेक वेळा घड्याळाची हाक लगेच यायची, म्हणून निभावत होतं. पण अधूनमधून घड्याळाआधी पुढचं अक्षरच यायचं आणि आधीच्या अक्षराच्या जागी बसायचं. त्या चार चुका तशा झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तीन ओळी जास्त लिहिल्या. झाकण निघालं की लगेच टिपण बघ, एवढंच त्यात होतं. मग एकोणीसच्या एकोणीस पायऱ्या त्या सोंगाला एकेक करून लावल्या. बोर्ड समोर नव्हता, काटा नव्हता, नुसता पडदा होता, तरी ती तशीच ताठ बसली होती, कोपर टेबलाला टेकवून. पास झाल्याशिवाय तिने म्हशीला हात लावला नाही.

या खेपेला पुढचं पुस्तक घेतलं आणि ते तीनदा छापलं. तपासनिसांना वाचायला सहा दिवस लागले. ते सहाही दिवस मावशी त्यांच्या खोलीत, भिंतीजवळच्या बाकावर बसून होती. पहिल्या दिवशी तिने विणकाम नेलं होतं. तीस ओळी विणल्या आणि सगळ्या उसवल्या. तपासनीस पान उलटताना मुद्दाम थांबत, हं असं म्हणत आणि पुढे जात. मावशी जागच्या जागी दचके.

"छळू नका हो," ती एकदा म्हणाली.

"तुम्ही एकतीस वर्षं किती जणांना असं बसवलंत?"

सहाव्या दिवशी चारच्या सुमाराला त्यांनी शेवटचं पान मिटलं. "एक सापडली."

मावशीचा चेहरा उतरला.

"एकशे सहावं पान, नववी ओळ. ‘पाऊलवाट’मधला ऊ ऱ्हस्व पडलाय. तिन्ही प्रतींत. तो म्हशीचा दोष नाही आणि तुमचाही नाही. टाइप करणाऱ्या बाईंना बोलवा."

मावशी उठली, खिडकीशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून तिने नाक शिंकरलं. मग वळून म्हणाली, "छापा."

शाळा सुरू व्हायच्या चार दिवस आधी पुस्तकं तयार झाली. वेष्टनांसाठी काकांना शेजारचे दोन शिंपी मदतीला घ्यावे लागले. मावशीने एकाही काजाकडे बघितलं नाही, कारण वेष्टनांना काजं नव्हती. शिवण मात्र बघितली.

ती दुरुस्ती तिने त्या सोंगाच्या मूळ कर्त्यालाही पाठवली, एकोणीस पायऱ्यांसकट. तो कुठल्याशा दूरच्या शहरात दातांचे साचे बनवणारा कारागीर निघाला. आधी त्याचं रागाचं पत्र आलं, की माझे खेळ आठ वर्षं उत्तम चालताहेत, उगाच हात लावू नका. मावशीने उत्तरात फक्त चौदावी पायरी लिहिली. चार दिवसांनी दुसरं पत्र आलं. एका खेळात त्याचा गडी अधूनमधून उडीच मारायचा नाही आणि खड्ड्यात पडायचा. आपला अंगठा म्हातारा झाला असं धरून त्याने तो खेळ सोडून दिला होता. तुमच्या दुरुस्तीनंतर काल सबंध दुपार खेळलो, त्याने लिहिलं होतं, बायको बोलत नाहीये, आभारी आहे.

मावशी आता मंगळवारी आणि शुक्रवारी छापखान्यात जाते. म्हशीला तेल घालते, आणि मग तासभर तपासनिसांपुढे ब्रेल शिकायला बसते. ते तिला सोपं जात नाही. वर्षानुवर्षं गरम तारा जोडून उजव्या हाताची बोटं निबर झाली आहेत, त्यांना ठिपके लागत नाहीत. मी तिला डाव्या हाताची अनामिका वापरायला सांगितली, बोटांचे व्यायामही दिले. ते ती करत नाही.

परवा तिने पहिल्यांदा अख्खं पान एकटीने वाचलं. पाऊण तास लागला. लगेच मला दवाखान्यात फोन करून गोष्ट सांगितली. एक कोल्हा असतो, तो विहिरीत पडतो, त्याला ससा बाहेर काढतो, वगैरे. मागून तपासनिसांचा आवाज येत होता.

"ससा नाही हो बाई, सुतार. विहिरीतून ससा कसा काढेल त्याला? अंदाजाने वाचू नका, बोट ठेवा, बोट!"

"ठेवतेय ना," मावशी म्हणाली, आणि फोन चालूच ठेवून पुन्हा पहिल्या ओळीला लागली.